ध्रुवतारा आपल्या किनाऱ्यावरून कसा शोधावा?



आगमनकाळ सुरू झाला की आपल्या घरांसमोर कागदी तारे टांगले जातात. ते पाहून मुलांना हमखास प्रश्न पडतो: मागी लोकांना दिसलेला तारा म्हणजे ध्रुवतारा का? याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला तारा मागी लोकांच्या पुढे चालत गेला. ध्रुवतारा आपली जागा सोडत नाही आणि त्याचे मोल त्यातच आहे. हे मोल आपल्या किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी लोकांनी शेकडो वर्षे ओळखले. आज मात्र आपल्यापैकी अनेकांना तो आकाशात दाखवता येत नाही. म्हणून या वेळी त्याची ओळख करून घेऊ.

शोधायचा कसा?

ध्रुवतारा हा आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा आहे, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. तेजस्वीपणात त्याच्यापुढे चाळीसहून अधिक तारे आहेत. त्यामुळे नुसता ठळक तारा शोधू नये, खुणेने जावे.

डिसेंबरात रात्री आठच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. आकाशात साधारण अर्ध्या उंचीवर पाच ताऱ्यांची शर्मिष्ठा दिसेल. तिचा आकार इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखा असतो. आता हात सरळ लांब करून मूठ आवळा. अशी एक मूठ म्हणजे आकाशातले साधारण १० अंश. शर्मिष्ठेच्या मधल्या ताऱ्यापासून तीन मुठी खाली या. तिथे जो एकटा, मध्यम तेजाचा तारा दिसेल तो ध्रुव.

एप्रिल-मे महिन्यांत शर्मिष्ठा संध्याकाळी दिसत नाही. तेव्हा रात्री नऊनंतर सप्तर्षी उत्तरेला उंच असतात. त्यांच्या चौकोनातले पुलह आणि क्रतू हे दोन तारे रेषेने जोडावेत आणि ती रेषा क्रतूच्या पुढे पाचपट वाढवावी. ती ध्रुवापाशी पोहोचते.

अलिबागच्या बाजूने पाहताना एक अडचण येते. मुंबई आपल्या बरोबर उत्तरेला आहे आणि तिच्या दिव्यांचा उजेड क्षितिजावर पसरतो. म्हणून चांदणे नसलेली रात्र निवडावी, रस्त्यावरच्या दिव्यांपासून दूर जावे आणि डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी.

खात्री करायची असेल तर तारा एखाद्या माडाच्या शेंड्याशी जुळवून ठेवावा आणि दोन तासांनी त्याच जागेवरून पुन्हा पाहावे. शर्मिष्ठा पश्चिमेकडे सरकलेली असेल, ध्रुव मात्र शेंड्याशीच असेल.

तो आपल्याला काय सांगतो?

ध्रुव क्षितिजापासून जितका उंच, तितका आपला अक्षांश. अलिबागला तो सुमारे साडेअठरा अंशांवर, म्हणजे दोन मुठींहून किंचित कमी उंचीवर दिसतो. श्रीवर्धनला १८ अंशांवर, पणजीला साडेपंधरा अंशांवर, तर श्रीनगरला ३४ अंशांवर. एका अंशाचा फरक म्हणजे दक्षिणोत्तर सुमारे १११ किलोमीटर.

अरबी समुद्रातले जुने नाखवे याचाच उपयोग करीत. ‘कमाल’ नावाची लहानशी लाकडी फळी आणि तिला बांधलेली गाठींची दोरी, एवढेच त्यांचे साधन. गाठ दातांत धरून दोरी ताणायची, फळीची खालची कड क्षितिजावर ठेवायची आणि वरची कड ध्रुवाशी जुळते का ते पाहायचे. ठरावीक बंदराची गाठ ठरलेली असे. ती जुळली की तीच उंची राखून किनाऱ्याकडे यायचे.

पोर्तुगीज दर्यावर्दीही याच ताऱ्यावर विसंबत, पण त्यांना हिशेब करावा लागे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो. त्यामुळे १५०० च्या सुमारास ध्रुवतारा खऱ्या उत्तर ध्रुवबिंदूपासून सुमारे साडेतीन अंश दूर होता. ही चूक दुरुस्त केली नाही तर जहाज पावणेचारशे किलोमीटरपर्यंत चुकू शके. म्हणून शेजारच्या ताऱ्यांची जागा पाहून किती अंश मिळवायचे किंवा वजा करायचे, याचे नियम त्यांनी लिहून ठेवले होते. आज हे अंतर एका अंशाहूनही कमी आहे.

ध्रुवताऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला चारशेहून अधिक वर्षे लागतात. कोर्लईचा किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये घेतला. साधारण त्या काळात निघालेला उजेड आज आपल्या डोळ्यांत शिरतो.

समुद्राचा तारा

मध्ययुगात युरोपातले लोक ध्रुवताऱ्याला ‘स्टेला मारिस’, म्हणजे समुद्राचा तारा, म्हणत. पवित्र मरियेलाही ख्रिस्तसभा हेच नाव देते. खलाशांसाठी १९२० मध्ये ग्लासगो येथे सुरू झालेले ख्रिस्तसभेचे सेवाकार्यही आज याच नावाने ओळखले जाते. वाट चुकलेल्या माणसाला दिशा दाखवणारी, हा त्यातला अर्थ.

आज होड्यांवर जीपीएस आहे आणि ते असावेच. पण बॅटरी संपली, यंत्रात पाणी शिरले, तर उत्तर कुठे आणि किनारा कुठे हे सांगणारा तारा डोक्यावर आहे. तो ओळखणारा मात्र होडीत हवा. आपल्या किनाऱ्यावर जमीन पूर्वेला आहे. ध्रुव डाव्या हाताला ठेवून चालले की आपण किनाऱ्याकडेच येतो. एवढे एक वाक्य जरी मुलांच्या लक्षात राहिले तरी पुरे.

या आठवड्यात एका संध्याकाळी रोझरीनंतर टीव्ही थोडा वेळ बंद ठेवून मुलांना अंगणात न्यावे. घरात कोणी जुने नाखवा असतील तर त्यांनाही सोबत घ्यावे. त्यांना ठाऊक असलेल्या ताऱ्यांची नावे मुलांनी वहीत लिहून घ्यावीत. ती नावे त्यांच्याबरोबरच संपून जाऊ नयेत.