दिव्यास आधी विचारावे
(इयत्ता सातवी व आठवीसाठी विज्ञान व भाषा यांचा संयुक्त पाठ)

एलईडी दिव्यांच्या काही माळांना लहानसा नियंत्रक जोडलेला असतो व त्यास वाय-फायवरून हुकूम देता येतो. हा हुकूम आता मनुष्यानेच द्यावा असे राहिलेले नाही. एआय एजंट, म्हणजे मनुष्याच्या सांगण्यावरून यंत्रांचे काम पाहणारा संगणकीय कारभारी, तोही देऊ शकतो. या कारभाऱ्यास डोळे नाहीत. माळ पाच हात लांब की पन्नास, हे त्यास दिसत नाही. म्हणून हुकमापूर्वी त्याने उपकरणास त्याची माहिती विचारावी, अशी सोय करतात. तिला उपकरण-माहितीचे साधन म्हणावे. या साधनाचे वर्णन लिहिणे हा प्रस्तुत पाठाचा विषय होय.

विषय दूरचा वाटला तरी पाठ मुळात भाषेचा आहे. ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही पद्धत अँथ्रोपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केली. तीत साधनास नाव, वर्णन व त्यास काय पुरवावे याचा नमुना देतात. एजंट साधन निवडतो तो मुख्यतः हे वर्णन वाचून. वर्णन मोघम असले की निवड चुकते.

उदाहरणार्थ डब्ल्यूएलईडी ही खुली नियंत्रक-प्रणाली घ्यावी. तिला माहिती विचारली असता आवृत्ती, उपकरणाचे नाव, दिव्यांची संख्या, सुरू होऊन झालेले सेकंद, विजेचा वापर इत्यादी उत्तरे येतात. यांतील विजेच्या वापराचा आकडा मुलांपुढे अवश्य मांडावा. तो मिलिअँपिअरमध्ये असतो, आणि मोजलेला नसून हिशेबाने काढलेला अंदाज असतो. शिवाय प्रवाहावर मर्यादा घालणारी सोय बंद ठेवली असेल तर तेथे ० येतो. या शून्याचा अर्थ हिशेब केलेला नाही, इतकाच. वर्णनात हे लिहिले नाही, तर एजंट निर्धास्तपणे माळ पूर्ण तेजाने पेटवील. ५ व्होल्टच्या नेहमीच्या रंगीत माळेतील एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की सुमारे ६० मिलिअँपिअर धरतात. १५० दिव्यांचा गुणाकार फळ्यावर करून घ्यावा : ९,००० मिलिअँपिअर, म्हणजे ९ अँपिअर. अडॅप्टर २ अँपिअरचा असेल तर काय होईल, हे मुले आपण होऊन सांगतील.

शून्य व रिकामा रकाना यांतील भेद हजेरीपटावरून लगेच पटतो. वर्ग भरला पण एकही मूल आले नाही, आणि त्या दिवशी सुट्टी होती, या दोन गोष्टी आपण एकाच खुणेने दाखवीत नाही. तसेच ‘दिवे शून्य’ आणि ‘उपकरण उत्तर देत नाही’ हे वेगवेगळे लिहिले पाहिजे. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते, येते. अशा वेळी ‘सुरू होऊन झालेले सेकंद’ हा आकडा फार कामाचा. तो आधीपेक्षा लहान दिसला तर उपकरण मध्यंतरी बंद पडले होते, हे कळते. तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नये, असे वर्णनात सांगावे.

वर्गात संगणक नसला तरी अडत नाही. माझ्या मते तो नसलेलाच बरा. पडदा समोर असला की मुले वर्णन वाचीत नाहीत, दिवे पाहतात. एक मूल एजंट होऊन पाठमोरे उभे राहील, दुसरे माळ होईल, तिसरे चिठ्ठ्या नेईल. एजंटाजवळ वर्गाने लिहिलेले वर्णन तेवढे असावे. पहिल्या खेपेस मुले बहुधा “दिव्याची माहिती देते” एवढेच लिहितील. मग एजंटाने विचारावे : कोणती माहिती? कोणत्या एककात? नुसते विचारल्याने दिव्यात काही बदल होतो काय? हा शेवटचा प्रश्न शिक्षकांनी सुचवू नये, तो मुलांकडून येऊ द्यावा. साधन केवळ वाचते, बदलत काहीच नाही, हे लिहिलेले असेल तरच एजंट ते निःशंकपणे वापरील.

चामोर्शी तालुक्यात घरी गोंडी वा बंगाली बोलणारी मुले आहेत. तयार वर्णन प्रथम अशा मुलाकडून वाचून घ्यावे व ते जेथे अडखळेल तेथे वाक्य बदलावे. अडखळण्याचे कारण मुलात न शोधता वाक्यात शोधावे.

गृहपाठास डेडस्टॉक रजिस्टरातील एखादी वस्तू द्यावी. वजनकाटा उत्तम, पंखाही चालेल. आठ ओळींत तिचे वर्णन लिहावे व प्रत्येक आकड्यापुढे एकक असावे. विजेच्या वस्तूवरील पट्टीचे आकडे शिक्षकांनी स्वतः वाचून दाखवावेत. मुलांनी तारांना वा प्लगला हात लावू नये.