मेथीच्या वाफ्यातलं मांजर आणि त्याचा खर्च

वाफा भुसभुशीत करावा, मेथी पेरावी, वर हलक्या हाताने पाणी शिंपडावं, आणि सकाळी चहाचा कप घेऊन कौतुकाने बघायला जावं तर मधोमध एक खड्डा. तोही नीट बुजवलेला. घाटकोपरच्या पंतनगरमधल्या जुन्या म्हाडा वसाहतीत तळमजल्यावर राहणाऱ्यांना पुढचं सांगायची गरज नाही, नाकाला कळतंच. त्यात इकडची एकेक इमारत पुनर्विकासाला पडते आहे. रहिवाशांना ट्रान्झिटचं भाडं तरी मिळतं. मांजरं आपली पुढच्या कंपाउंडात येऊन राहतात.

पाकीट काढण्याआधी एवढं लक्षात घ्या की मांजर मेथीसाठी येत नाही. त्याला हवी असते कोरडी, मऊ, पंजाने उकरता येणारी माती, म्हणजे आपण घाम गाळून तयार केलेला वाफा. ती माती उकरता येईनाशी झाली की निम्म्याहून जास्त काम झालं, आणि ते शंभर-दोनशे रुपयांतही होतं. दुकानदार मात्र सुरुवात तीन हजारांच्या यंत्रापासून करतो.

फुकटचे उपाय आधी. आपल्याकडे मासे धुतलेलं पाणी गुलाबाला, डाळिंबाला घालायची जुनी सवय. झाडाला ते मानवतं, पण गल्लीतल्या प्रत्येक मांजराला ते जेवणाचं आमंत्रण असतं. ते बंद करा. मासळीचं खत, हाडांचा चुरा घालत असाल तर मातीत खोल गाडा. कोकोपीट वर उघडं ठेवू नका. कुंडीत भरलेलं कोरडं कोकोपीट म्हणजे मांजराच्या दृष्टीने आयतं शौचालय. पावसाळ्यात तर सगळीकडे चिखल आणि छज्ज्याखालच्या तुमच्या कुंड्या तेवढ्या कोरड्या. तेव्हा जूनपासून कुंड्यांकडे जास्त लक्ष ठेवा.

आणि दूध. घाटकोपरात एका मजल्यावर बांगडा तळला जातो आणि वरच्या मजल्यावरच्या बेन जीवदयेपोटी जिन्यात दुधाची वाटी ठेवतात. त्यांच्याशी भांडू नका. एवढंच सांगा की मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडतं, आणि त्याचा निकाल आपल्या वाफ्यात लागतो. पाण्याची वाटी आणि मूठभर कोरडं खाणं, तेही ठरलेल्या वेळी आणि बागेपासून लांबच्या कोपऱ्यात. आमच्याकडे हे बोलणं व्हायला दोन वर्षं लागली आणि बेन दोन मिनिटांत तयार झाल्या.

आता खर्चाचं. खालचे भाव अंदाजाने धरा. दुकानागणिक फरक पडतो, आणि घासाघीस करायला कुणाची ना नाही.

सगळ्यात स्वस्त म्हणजे नारळाची सोडणं आणि करवंट्या. शहाळेवाल्याकडे ढीग पडलेला असतो, मागितलं तर तो आनंदाने देतो. सोडणांचे तुकडे रोपांच्या मधे दाटीने पसरले की पंजा टाकायला जागा राहत नाही, वर ओलावा टिकतो. कुंड्यांसाठी बांबूच्या काड्या घ्या. शंभर काड्यांचं पुडकं साठ-ऐंशी रुपयांना मिळतं. दोन-दोन इंचांवर मातीत खोचायच्या, पण बोथट टोक वर ठेवून. डोळ्याला लागेल असं काही करायचं नाही. मोठ्या कुंडीत नर्सरीतले गोल दगड पसरले तर दिसायलाही बरे. किलोला तीस ते साठ रुपये पडतात आणि एका कुंडीला दोन-तीन किलो लागतात, म्हणून दहा कुंड्या असतील तर काड्याच बऱ्या.

वाफ्यासाठी माझं मत जाळीला. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तीच, प्लास्टिकची. चौरस फुटाला आठ ते बारा रुपये. दहा बाय सहाचा वाफा म्हणजे साठ चौरस फूट, साधारण पाचशे ते सातशे रुपये. ती उभी करायची नाही. मातीवर आडवी अंथरायची, कडा विटांनी दाबायच्या, वर बोटभर माती पसरायची. मेथी-कोथिंबीर भोकांतून वर येते. मांजराने पंजा घातला की नखं अडकल्यासारखी होतात आणि ते दुसरी जागा शोधतं. लोखंडी जाळी महाग पडते, आणि मुंबईच्या पावसात तिला लवकर गंज धरतो. पेरणी नुकतीच झाली असेल तर रोपं चार बोटं वर येईपर्यंत जुनं बारदान झाकून ठेवलं तरी चालतं. वीस-तीस रुपयांचं काम.

बागेला चारी बाजूंनी जाळी लावायची हौस असेल तर खिसा सैल ठेवा. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी लावून देणारे चौरस फुटाला वीस ते तीस रुपये घेतात. तीस फुटांची कड, सहा फूट उंची, म्हणजे 180 चौरस फूट. जाळीचेच 3,600 ते 5,400 रुपये, शिवाय पाइपांचे दोन-तीन हजार. एवढं करून मांजर पाच-सहा फूट सहज चढतं. वरचा दीड फूट बाहेरच्या बाजूला झुकता ठेवला तरच उपयोग. सैल जाळीत पक्षी आणि पिल्लं अडकतात, म्हणून ती ताणूनच बसवून घ्या. आणि तळमजल्यासमोरची जमीन बहुतेक ठिकाणी सोसायटीची असते, तेव्हा आधी सेक्रेटरींचं पत्र हातात घ्या. पाच हजार घालून जाळी लावल्यावर ती काढायला लागलेला माणूस मी पाहिला आहे.

अल्ट्रासॉनिक यंत्रं ऑनलाइन हजार ते तीन हजारांना मिळतात. मांजर समोर आलं की ती आपल्याला सहसा ऐकू न येणारा चिरका आवाज काढतात. अगदीच थोतांड नाही. ऑस्ट्रेलियातल्या 2018 च्या एका अभ्यासात अशा यंत्रांनी बागेत मांजरांचं येणं जवळपास निम्म्याने घटलं. निम्म्याने, पूर्ण नव्हे. शिवाय ते उघड्या, ऐसपैस बागांतलं गणित. आपल्याकडे भिंती, स्कूटर, वाळत घातलेल्या चादरी मधे येतात आणि आवाज तिथेच अडतो. हालचाल दिसली की पाणी उडवणारे फवारे चांगले असतात म्हणे, पण त्यांना नळाला सतत दाब लागतो. आपल्याकडे पाणी येतं ठरावीक वेळी, मांजर येतं रात्री दोनला.

संत्र्याच्या सालींचा वास मांजरांना आवडत नाही हे खरं, पण दोन दिवसांत तो उडून जातो. बोक्याने भिंतीवर मुतून खूण केली असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन मग व्हिनेगर फिरवा. अमोनिया असलेलं काही वापरू नका, त्याचा वास बोक्याला दुसऱ्या बोक्यासारखाच वाटतो.

डांबराच्या गोळ्या, फिनाइल, उंदराचं औषध, तिखटाची पूड मात्र कुणी कितीही सुचवली तरी नको. पहिल्या तिन्हींनी मांजर मरू शकतं. तिखटाने डोळे-नाक भाजतात, आणि त्याच मातीत आपली नातवंडं हात घालतात. कायदाही आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये वाचून हसू येईल. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली प्राण्याला मारणं, विष घालणं, लुळं-पांगळं करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोत्यात घालून लांबच्या मासळी बाजारात सोडून येण्याची जुनी युक्तीही त्याच माळेतली. ते मांजर हाल होऊन मरतं किंवा परत येतं, आणि मधल्या काळात रिकाम्या जागेत दुसरं आलेलं असतं.

म्हणून टिकाऊ खर्च एकच, नसबंदीचा. मांजरी साधारण दोन महिन्यांत वितात, पाच-सहा महिन्यांचं मादी पिल्लू स्वतः गाभण राहू शकतं. खासगी डॉक्टरकडे मादीचे चार ते सात हजार, बोक्याचे अडीच ते चार हजार लागतात. प्राणीसेवी संस्थांकडे हजार ते दोन हजारांत होतं. महापालिकाही संस्थांमार्फत मांजरांची नसबंदी करते, चौकशी 1916 वर किंवा घाटकोपरच्या एन विभाग कार्यालयात करा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक असेलच. तिथे न्यायचं तर रिक्षा शीवच्या पुढे जात नाही, टॅक्सीचे चारशे-पाचशे वेगळे धरा. मांजराच्या कानाचं टोक कापलेलं दिसलं तर त्याची नसबंदी झालेली आहे, त्याला पुन्हा पकडू नका.

हा खर्च एकट्याने करायचाच नाही. पाच मांजरं, प्रत्येकी दीड हजार, साडेसात हजार झाले. येण्याजाण्याचे अडीच हजार धरले तर दहा हजार. चाळीस बिऱ्हाडांत प्रत्येकी अडीचशे. सोसायटीच्या सभेत मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हाच खरा प्रश्न असतो, म्हणून कागदावर हा हिशेब लिहूनच न्या. नसबंदी झालेले बोके मुतून खुणा करणं बरंच कमी करतात हेही सांगा. त्याने पार्किंगमध्ये गाड्या लावणारे आपल्या बाजूला येतात.

तोवर मांजरांना त्यांची जागा द्या. फुटका टब, त्यात अर्धी गोणी रेती, कोरड्या आडोशाला. बांधकामवाल्याकडून मागून आणली तर फुकट, नाहीतर शंभर रुपये. घाण रोज काढायची. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी विष्ठेत एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतो, म्हणून शिळी राहू द्यायची नाही. घरात कुणी गरोदर असेल तर तिने वाफ्यात हातमोज्यांशिवाय हात घालू नये, आणि मेथी तीन पाण्यांनी धुवावी. नसबंदीसाठी पकडताना मांजराने बोचकारलं किंवा चावलं तर जखम पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुऊन त्याच दिवशी राजावाडी रुग्णालय गाठा. रेबीजची लस महापालिकेच्या रुग्णालयात मोफत मिळते.