करवंटीच्या कोळशातलं करिअर

नारळाची करवंटी कमी हवेत भाजली की कोळसा होतो. त्यावर साधारण ९०० अंशांना वाफ सोडली की वाफ त्यातला थोडा कार्बन खाते आणि आत असंख्य सूक्ष्म छिद्रं पडतात. अशा एका ग्रॅम ‘सक्रिय’ कोळशाचा आतला पृष्ठभाग १००० चौरस मीटरच्या घरात जातो. वायूचे रेणू त्यालाच चिकटतात.

साखर कारखान्यातला प्रेसमड, शेण, मंडईतला ओला कचरा यांपासून निघणाऱ्या बायोगॅसमध्ये मिथेन साधारण ५० ते ६५ टक्के असतो. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड, जो यंत्रं गंजवतो आणि माणसाला विषारी असतो. गाडीत भरायच्या गॅसमध्ये मिथेन किमान ९० टक्के लागतो. नको असलेले वायू धरून ठेवायला तिथे हा सक्रिय कोळसा कामाला येतो. केंद्राच्या २०१८ च्या ‘सतत’ योजनेनंतर अशा शुद्ध गॅसला तेल कंपन्यांच्या रूपाने ग्राहक मिळाला.

पालकहो, ‘सक्रिय कोळसा’ या नावाची पदवी शोधू नका. चकचकीत नावाच्या नव्या अभ्यासक्रमावर मोठी फी भरण्यापेक्षा केमिकल इंजिनिअरिंग किंवा रसायनशास्त्राचा पाया पक्का करा. हे क्षेत्र मंदावलं तरी औषध, रंग, पाणीशुद्धीकरण यांची दारं उघडी राहतात. मुंबईच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेसाठी एमएचटी-सीईटी किंवा जेईई मेन द्यावी लागते. दहावीनंतर पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणं हा खर्च वाचवणारा, उगाच कमी लेखला गेलेला रस्ता आहे. संशोधनाची ओढ असेल तर एमएस्सीनंतर नेट देऊन पुण्याच्या एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थेत पीएचडी करता येते, पण त्यात वर्षं जातात. घरची निकड असेल तर हे आधीच बोलून घ्यावं.

करवंटीपासून कोळसा बनवणारे कारखाने मुख्यतः दक्षिणेत आहेत. महाराष्ट्रात संधी जास्त आहे ती गॅस शुद्ध करणाऱ्या प्रकल्पांत.

सुरक्षिततेची काळजी रास्तच आहे. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाक बधिर होतं, वास कळतच नाही. म्हणून अंगावर गॅस डिटेक्टर हवाच. मुलाखतीत त्याबद्दल विचारायला मुलांनी लाजू नये.

प्रवेशाआधी जवळचा एखादा बायोगॅस प्रकल्प परवानगी काढून पाहून या. कोळसा किती दिवसांनी बदलतात आणि वापरलेल्याचं पुढे काय करतात, हे तिथल्या केमिस्टला मुलांनाच विचारू द्या.