नदीत चालणारा फ्लाय समुद्रात चालेल?

प्रश्न: नदी आणि समुद्र, दोन्हीकडे उपयोगी पडेल असा कोणता फ्लाय, म्हणजे गळावरचं कृत्रिम आमिष, आधी बांधायला शिकावा?

उत्तर: निःसंशय क्लाउझर मिनो. पेनसिल्व्हेनियातल्या बॉब क्लाउझर यांनी तो १९८०च्या दशकात सस्क्वेहाना नदीतल्या स्मॉलमाउथ बास माशांसाठी घडवला. आज समुद्रातही तो तितकाच चालतो. सारी करामत धातूच्या जड, डंबेलसारख्या डोळ्यांत आहे. ते गळाच्या दांडीवर, टोकाच्या विरुद्ध अंगाला घट्ट बांधा. मग फ्लाय पाण्यात उलटा होतो, टोक वर राहतं आणि दगडांत कमी अडकतं. ओढ थांबली की तो डोकं खाली घालून बुडतो. मासा बहुधा तेव्हाच झडप घालतो. फ्लायला बांधायचे हरणाच्या शेपटीचे केस मात्र विरळच घ्या, नवशिके हमखास जास्त भरतात. समुद्रासाठी गळ स्टेनलेस स्टीलचा घ्या आणि परतल्यावर फ्लाय गोड्या पाण्यात धुवा.