नदीकांठची जमीन कशी बनते?

पूर म्हणजे केवळ संकट, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु नदीकांठच्या ज्या सपाट, खोल मातीवर उत्तम पिकें येतात, ती माती बहुतांशीं पुरानेंच आणून घातलेली असते. हें कार्य कसें घडतें, तें पाहूं.

प्रथम एक सोपा प्रयोग करावा. कांचेच्या बरणींत नदीकांठची मूठभर माती घालून ती पाण्यानें भरावी, व चांगली हालवून स्थिर ठेवावी. खडे लगेच तळाशीं जातील, मग वाळू, मागाहून बारीक गाळ. चिकणमाती मात्र तासन् तास तरंगत राहील. पाण्यास वेग असला कीं तें जड कण वाहून नेतें. वेग मंदावला कीं ओझें टाकूं लागतें. नदीकांठचे पुष्कळसे आकार या एकाच नियमानें समजतात.

कृष्णा महाबळेश्वरीं उगम पावते. तेथें उतार मोठा असतो. सांगलीच्या सपाटीवर तो अगदीं कमी होऊन नदी नागमोडी वाहते. वळणाच्या बाहेरच्या कांठावर पाण्याचा जोर आदळून तो ढांसळतो व तेथें डोह पडतो. आंतल्या बाजूस वेग मंद असल्यामुळें वाळू सांचते.

पुराचें पाणी पात्राबाहेर पडतांच पसरतें व मंदावतें. जाड वाळू कांठालगतच पडून तेथें उंचवटा होतो. बारीक गाळ दूर जातो. म्हणून कांठ उंच व त्यामागील जमीन सखल, असा प्रकार अनेक नद्यांच्या कांठीं आढळतो. त्या सखल भागांत पाणी सांचून पाणथळ बनते.

पाणथळ जागा निरुपयोगी समजूं नये. ती पुराचें पाणी धरून ठेविते व हळूहळू सोडते. पुष्कळ ठिकाणीं तें भूमींतही मुरतें. नाशिक जिल्ह्यांत नांदूर मध्यमेश्वर येथें गोदावरी व कादवा यांच्या संगमापाशीं बंधारा घातल्यावर गाळ सांचला, उथळ पाण्यांत बेटें झालीं, आणि हिवाळ्यांत दूरदेशींचे पक्षी तेथें उतरूं लागले. पाणथळ रक्षणाच्या रामसर कराराच्या यादींत २०१९ सालीं समाविष्ट झालेलें तें महाराष्ट्रांतील पहिलें स्थळ होय.

आतां दुसरी बाजू पाहूं. कृष्णेस सांगलीजवळ वारणा व नरसोबाच्या वाडीस पंचगंगा मिळते. तिन्ही नद्या एकाच वेळीं भरल्या म्हणजे पाण्यास पुढें वाट मिळत नाहीं व फुगवटा मागें सरतो. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीस आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांवर गेलें. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. सखल जागीं वसलेल्या वस्त्या बुडाल्या. नदी आपल्याच जमिनीवर आली होती.

यासाठींच पूररेषा आंखतात. २५ वर्षांतून सरासरी एकदां येणाऱ्या पुराची निळी, व १०० वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची लाल. यावरून एकदां पूर आला म्हणजे पुढें शंभर वर्षें निश्चिंती, असें मानूं नये; लाल रेषेइतका पूर येण्याचा संभव दर वर्षीं शंभरांत एक असतो.

विद्यार्थ्यांनीं पावसाळा सरल्यावर वडील मंडळींसह आपल्या गांवची नदी पाहावी. कोणता कांठ ढांसळतो, वाळू कोठें सांचते, पुराची खूण कोणत्या भिंतीपर्यंत आहे, हें वृद्धांस विचारून नकाशावर मांडावें. घरासाठीं जागा पाहतांना पालकांसही तो नकाशा उपयोगीं पडेल.