स्केचबुक पुन्हा काढ गं

अगं, चित्रकलेची एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली, दहावीला त्याचे वाढीव गुणही पदरात पडले. आणि मग? पेन्सिल जी सुटली ती सुटलीच. परवा तू म्हणालीस, "ताई, हात शिवशिवतात गं, पण चित्र काढत बसले की प्रार्थनेचा वेळ चोरल्यासारखं वाटतं." तेव्हापासून तुझ्याशी नीट बोलायचं मनात होतं.

आधी चित्र काढणं देवाला आवडणार नाही ही भीती काढून टाकू. कोरीव मूर्ती करू नको ही आज्ञा निर्गमाच्या विसाव्या अध्यायात आहे, आपल्याला शब्बाथ शाळेत ती पाठ करून घेतली. पण त्याच पुस्तकाचा एकतिसावा अध्याय कुणी पाठ करून घेतला का? तिथे देव बसालेल नावाच्या कारागिराला नाव घेऊन बोलावतो आणि कारागिरीसाठी आपल्या आत्म्याने भरतो. प्रवचनासाठी नाही हं, सोनं-रुपं घडवायला, रत्नं जडवायला, लाकूड कोरायला. मला हा अध्याय फार मोठा आधार वाटतो.

चित्रकार अँजेलो द फोन्सेका तुला माहीत असायला हवेत. १९०२चा जन्म, गोव्याचे. मुंबईचं जे. जे. कला विद्यालय सोडून शांतिनिकेतनात नंदलाल बोसांच्या हाताखाली शिकले. त्यांनी मरिया रंगवली ती साडीतली, आपल्या घरातल्या बाईसारखी. गोव्यात लोकांना ते रुचलं नाही, टीका झाली. ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आले आणि १९६७ साली निधन होईपर्यंत त्यांनी चित्रं सोडली नाहीत. लोक काय म्हणतील याची काळजी तुला जास्त, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आणि आपल्या नागपुरातच बघ ना. स्टीफन हिस्लॉप १८४५मध्ये इथे मिशनरी म्हणून आले, शाळा काढली, आणि टाकळीच्या दगडांत जुन्या वनस्पतींचे जीवाश्म शोधत फिरले. देवानं केलेलं निरखून पाहणं त्यांना सेवेबाहेरचं वाटलं नाही.

आता माझं ऐक. सुरुवातीलाच क्रूस, कबुतर, मेंढपाळ असं काढू नको. ते आपण इतक्या कॅलेंडरांवर पाहिलंय की हात आपोआप नक्कल करतो. चित्राखाली वचन लिहायलाच हवं असंही नाही. आईचे हात काढ. ती गीतांचं पुस्तक घेऊन बसते तेव्हा अंगठा पानात खुपसलेला असतो, मनगटावरच्या शिरा वर आलेल्या, बांगडी आता सैल होऊन पार खाली घसरते. ती बांगडी नेमकी कुठे टेकते हे पाहायला पाच मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात आई किती वाळलीय हे कळतं, आणि तिच्यासाठी प्रार्थना वेगळी करावी लागत नाही, ती आतून सुरू होते. माझ्या मते चित्राचं खरं काम इथे होतं, चित्र चांगलं आलं की नाही हा मागाहूनचा प्रश्न.

खोडरबर बाजूला ठेव. चुकलेली रेघ राहू दे, शेजारी दुसरी ओढ. सकाळचं शास्त्रवाचन झालं की लगेच बस, नंतर डबे, पाणी, ऑफिस यात वेळ सापडत नाही बाप्पा. आणि काही दिवस तरी व्हॉट्सॲपवर टाकू नको. एकदा अंगठे मोजायला लागलीस की डोळे कागदावर राहत नाहीत.

महागाचे रंग नकोत. सीताबर्डीत कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात साधी वही आणि टूबी पेन्सिल मिळते. या रविवारी दोन्ही पर्समध्ये टाक. उपासना सुटली की ऊन चढायच्या आत सदरला ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात जाऊ. तू कमान काढ, मी झाड काढते. नक्की ये.