तरुण कुत्रा एकाएकीं चावूं लागल्यास

बैलांचे आजार, गाईंचीं वेतें व भातावरील रोग यांविषयीं आपण नेहमीं वाचतों. परंतु जो प्राणी आपला गोठा, खळें व खाचरें रात्रभर राखतो, त्याच्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें कोणाच्या सहसा मनांत येत नाहीं. आमच्या मुळशी तालुक्यांत भात पोटरीस आलें म्हणजे रानडुकरांचा उपद्रव सुरू होतो. त्या दिवसांत माळ्यावर मनुष्य व खालीं कुत्रा नसेल, तर पीक घरीं येणें कठीण. असा घरचाच कुत्रा, तोही वर्षाच्या आंतला, एके दिवशीं घरच्या माणसास चावला तर काय करावें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

गतवर्षीं भाद्रपदांत हा प्रसंग माझ्याच घरीं आला. आमचा मोती दहा महिन्यांचा होता. मुलांनीं शेपूट ओढलें तरी तो गुरगुरत नसे. एके सकाळीं त्याला सोडण्यासाठीं गड्यानें मानेशीं हात नेला, तोंच त्यानें गड्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. कुत्रा माजला असें समजून मीं त्यास काठीनें झोडपलें. दुसऱ्या दिवशीं भाकरी घालावयास गेलेल्या सुनेच्या अंगावर तो धावून गेला. तेव्हां मीं गुरांच्या डॉक्टरांस बोलाविलें. त्यांनीं मोठ्या खबरदारीनें त्याचें तोंड बांधवून मानेवरचे केस बाजूस केले. चार महिन्यांच्या पिलाच्या गळ्यांत मींच बांधलेली सुंभाची दोरी मांसांत रुतून बसली होती आणि जखमेंत किडे पडले होते. कुत्रा वाढला, दोरी वाढली नाहीं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, तसा माझा प्रकार झाला.

सबब पहिली गोष्ट ही कीं, कुत्रा विनाकारण चावत नाहीं. कारण आपणांस दिसलेलें नसतें. चौथ्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत दुधाचे दांत पडून नवे येतात. त्या वेळीं पिलूं जें सांपडेल तें चावतें, त्यांत राग नसतो. सहा महिन्यांपासून वर्षाच्या सुमारास तें वयांत येतें, आणि अन्न व जागा यांवर हक्क सांगूं लागतें. कानांतील गोचीड, पायांत मोडलेला कांटा किंवा दबलेली जखम यांमुळें गरीब कुत्राही हात लावूं देत नाहीं. अष्टौप्रहर सांखळीस बांधलेला व मुलांनीं दगड मारून छळलेला कुत्रा भीतीनें चावतो. यांपैकीं एकाही कारणावर काठी हें औषध नव्हे. माराच्या भीतीनें कुत्रा गुरगुरण्याचें सोडतो, चावण्याचें सोडीत नाहीं; पुढें तो सूचना न देतां चावूं लागतो.

परंतु याहून भयंकर असें आणखी एक कारण आहे, आणि तें नाहींच अशी खात्री होईपर्यंत तें आहे असें समजून वागावें. तें म्हणजे पिसाळणें, ज्यास डॉक्टर रेबीज म्हणतात. या रोगाचें विष लाळेंतून जखमेंत शिरतें व मज्जातंतूंच्या वाटेनें मेंदूस पोंचतें. पिसाळलेला कुत्रा सैरावैरा धावतो व पाण्यास भितो, एवढेंच आपण ऐकून असतों. पण कुत्रा पाण्यास भितोच असें नाहीं. कित्येक कुत्रे अंधारांत दडून बसतात, त्यांचा आवाज बदलतो, ते लांकूड, माती, दगड चावतात. कांहींचा जबडा लोंबतो व लाळ गळते. पाहणाऱ्यास वाटतें कीं घशांत हाड अडकलें आहे, आणि तो भाबडेपणानें तोंडांत हात घालतो. असा हात कधींही घालूं नये. गाय किंवा बैल एकाएकीं हंबरूं लागून लाळ गाळूं लागल्यास हाच नियम पाळावा.

मी कचेरींत नोकरीस असतां एका वाडीवरून मदतीचा अर्ज आला होता. घरच्या तीन महिन्यांच्या पिलानें मुलाच्या बोटास नुसता ओरखडा काढला. घरच्यांनीं त्यावर मिरचीची पूड भरली व अंगारा लावला. चार दिवसांनीं पिलूं मेलें. त्याचा कोणीं अर्थ लावला नाहीं. ओरखड्याची व मुलाच्या मृत्यूची तारीख यांत सुमारें दोन महिन्यांचें अंतर होतें. त्या दोन तारखांमध्यें मूल वांचविण्यास पुरेसा वेळ होता, हें त्या अर्जाची नोंद करतांना माझ्या मनास फार लागलें. म्हणूनच मोतीच्या बाबतींत माझ्या हातून इतर चुका झाल्या, तरी गड्याला मीं त्याच दिवशीं पौडास रुग्णालयांत नेलें.

चावल्याबरोबर काय करावें, तें सांगतों. जखम वाहत्या पाण्याखालीं साबण लावून पंधरा मिनिटें धुवावी. घड्याळ पाहून धुवावी. हें काम ताम्हिणीकडच्या वाडीवरही होतें, त्यास डॉक्टर लागत नाहीं. मिरची, चुना, हळद, तेल कांहीं भरूं नये. नंतर त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. दवाखान्याच्या पद्धतीप्रमाणें चार किंवा पांच वेळां जावें लागतें; मधली तारीख चुकवूं नये. जखम खोल असेल अथवा रक्त आलें असेल, तर लशीबरोबर जखमेभोंवतीं दुसरें एक औषध टोंचावें लागतें. तें डॉक्टरांस आठवणीनें विचारावें.

वडील मंडळी पोटांतील चौदा इंजेक्शनांच्या धास्तीनें टाळाटाळ करतात. ती धास्ती जुन्या लशीची आहे. फ्रान्समध्यें लुई पाश्चर यांनीं १८८५ सालीं एका मुलास प्रथम लस टोंचून वांचविलें. आपल्या देशांत कसौली येथें १९०० सालीं त्यांच्या नांवाची संस्था निघाली, व तेथेंच पुढें सेंपल साहेबांनीं मेंढीच्या मेंदूपासून लस बनविली. पोटांत टोंचली जाणारी ती लस २००५ पासून वापरांत नाहीं. हल्लींची लस दंडांत देतात. उलट, एकदां रोगाचीं लक्षणें उमटलीं म्हणजे मनुष्य वांचत नाहीं असेंच समजावें.

आतां कुत्र्याचें काय ? त्यास लगेच मारून टाकूं नये. मजबूत सांखळीनें एकटा बांधावा, अन्नपाणी दुरून सरकवावें व दहा दिवस पाहावें. लाळेंत विष असतांना चावलेला कुत्रा बहुधा या मुदतींत आजारी पडून मरतो. दहा दिवस धडधाकट राहिला, तर त्या चाव्यापासून भय नाहीं, व पुढील लस घ्यावी कीं थांबवावी हें डॉक्टर सांगतील. मात्र दहा दिवस पाहून मग लस सुरू करूं, असा हिशेब कदापि करूं नये. मोतीची जखम सांपडल्यावरही आम्ही हे दहा दिवस पुरे पाळले; कारण जखम असलेला कुत्रा पिसाळत नाहीं असें थोडेंच आहे ? कुत्रा मेल्यास उघड्या हातानें उचलूं नये. गुरांच्या डॉक्टरांस ताबडतोब कळवावें.

हें सर्व टाळण्याचा मार्ग सोपा आहे. पिलूं तीन महिन्यांचें होतांच त्यास पिसाळण्याची लस टोंचून घ्यावी, डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें दुसरी टोंचणी व पुढें दरवर्षीं एक द्यावी. गळ्यांतील पट्ट्यांतून दोन बोटें सहज जातात कीं नाहीं, हें दर आठवड्यास पाहावें. जेवतांना त्यास कोणीं छेडूं नये. दिवसांतून कांहीं वेळ तरी त्यास मोकळें फिरवावें.

मोती आज बरा आहे, पण मीं काठी घेऊन जवळ गेलों कीं तो अजून दबतो. त्याचें मला वाईट वाटतें. जमिनीच्या नोंदी आपण जिवापाड जपतों. घरांतील पंचांगावर आणखी दोन नोंदी कराव्या, एवढीच विनंति आहे : कुत्र्यास लस टोंचल्याची तारीख, आणि कोणास तो चावलाच तर त्या चाव्याची तारीख.